यीस्टची साखर बदलून जीन्सचा फरक कसा बघायचा

साखर बदलली की यीस्टला काही मिनिटांत कळतं. म्हणून नव्या मुलांना मी क्यूपीसीआरच्या (जीन किती चालू आहे, हे त्याच्या आरएनएवरून मोजायच्या पद्धतीच्या) आधी पेशी गोळा करायला शिकवते.

प्रयोग तसा साधा. एका फ्लास्कमध्ये २ टक्के ग्लुकोज, दुसऱ्यात २ टक्के गॅलॅक्टोज, ३० अंश सेल्सिअस, शेकर चालू. ग्लुकोज असेपर्यंत मिग१ हे प्रथिन गॅल जीन्स, म्हणजे गॅलॅक्टोज वापरायला लागणारे जीन्स, दाबून ठेवतं. ग्लुकोज नसताना गॅलॅक्टोज मिळालं, की गॅल३ हे प्रथिन गॅल८०ला अडकवून ठेवतं आणि गॅल८०ने रोखलेलं, हे जीन्स चालू करणारं गॅल४ कामाला लागतं. यातल्याच गॅल१ जीनचा आरएनए मग सुमारे १००० पट चढतो.

पेशी ग्लुकोजमधून थेट गॅलॅक्टोजमध्ये मात्र टाकू नका, तासन् तास नुसत्या बसून राहतात. आधी रात्रभर रॅफिनोजमध्ये वाढवा. ही साखर गॅल जीन्सना दाबत नाही आणि जागंही करत नाही. ओडी (गढूळपणाचा आकडा, म्हणजे पेशी किती दाट) ०.४ ते ०.६ झाला की एका फ्लास्कमध्ये ग्लुकोज, दुसऱ्यात गॅलॅक्टोज घाला आणि तासाभराने पेशी काढा. दोन्ही फ्लास्क एकाच ओडीला हवेत. दाट झालेल्या कल्चरमध्ये ग्लुकोज संपतं, पेशी इथेनॉलवर वळतात आणि शेकडो जीन्स हलतात.

स्ट्रेन (यीस्टचा वाण) कोणता, हे आधी बघा. माझा पहिला महिना प्रायमरला (क्यूपीसीआरमध्ये जीन ओळखणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांना) शिव्या देण्यात गेला. हाताशी होता एस२८८सी स्ट्रेन, ज्याचा जिनोम १९९६ साली जाहीर झाला. इतका नावाजलेला, म्हणून शंकाच आली नाही. त्यात गॅल२ बिघडलेलं असतं, म्हणजे गॅलॅक्टोज आत घेणारं प्रथिनच धड नाही! बीवाय४७४१ स्ट्रेन घ्या, त्यात गॅल२ ठीक असतं.

आता पेशी काढणं. थंड सेंट्रिफ्यूजमध्ये दहा मिनिटं फिरवल्या तर त्यांच्या लेखी ती थंडी आणि उपासमार. आरएनएत तीही उमटते. मी व्हॅक्यूमवर फिल्टर करते. कागदावर फिकट पिवळसर थर बसला, वरची ओल गेली, चमक उतरली, की चिमट्याने गुंडाळी करून ट्यूबमध्ये आणि ट्यूब लगेच द्रव नायट्रोजनमध्ये. मिनिटभराच्या आत. फिल्टर चिकटला तर ओढत बसू नका, तो नमुना सोडून द्या.

तुलनेसाठी, म्हणजे न हलणारा जीन म्हणून, सगळे अ‍ॅक्ट१ घेतात, पण परिस्थिती बदलली की तोही हलतो. टीएएफ१० किंवा एएलजी९ हे जीन्स बरे.

गॅल१च्या सीटीत (क्यूपीसीआरच्या कितव्या चक्राला जीन दिसू लागतो तो आकडा; एका चक्राचा फरक म्हणजे साधारण दुप्पट) दोन फ्लास्कमध्ये १०च्या आसपास फरक यायला हवा. दोन-तीनच आला, तर गॅलॅक्टोजच्या बाटलीवरचं लेबल वाचा. स्वस्त गॅलॅक्टोजमध्ये थोडं ग्लुकोज मिसळलेलं असू शकतं.