स्पीतीच्या शाळेत पंधरा दिवस शिकवायला जाताना

हिमाचल प्रदेशातल्या स्पीती खोऱ्यात पंधरा दिवस शिकवायला गेलेल्यांचे पहिले तीन-चार दिवस बहुतेक वेळा अंथरुणात जातात. डोकं ठणकतं, जेवण जात नाही, झोप लागत नाही. कारण एकच: घाई. लांगझासारखं गाव ४,४०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो आणि शरीराला त्याची सवय व्हायला दिवस लागतात. म्हणून शिकवण्याची तयारी नंतर, आधी चढण्याचं वेळापत्रक.

मनालीहून कुंझुम खिंडीमार्गे (४,५५१ मीटर) एका दिवसात काझा हे स्पीतीतलं मुख्य गाव गाठता येतं. पहिल्यांदा जाणाऱ्याने नेमकं तेच टाळावं. चंदीगडहून सिमला, मग किन्नौरमधलं कल्पा (सुमारे २,९६० मीटर), तिथून ताबो (३,२८०) आणि मग काझा (३,६५०) असं चढा. काझाला किमान दोन रात्री काढा. त्यातल्या एका दिवशी वर शाळेच्या गावात जाऊन शाळा बघा, गुरुजींना भेटा आणि झोपायला खाली परत या. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असा नियम आहे. काझा ते लांगझा ही उडी त्याहून मोठी असल्यामुळे तिसरी रात्रही काझालाच काढली तर उत्तम. काझाची बस किन्नौरमधल्या रेकाँग पिओहून पहाटे सुटते. कल्पा त्याच्या वरच्या अंगाला आहे, त्यामुळे खाली उतरायची टॅक्सी आदल्या संध्याकाळीच ठरवा.

अ‍ॅसिटाझोलामाइड हे उंचीचा त्रास टाळायचं औषध घ्यायचं असेल तर डॉक्टरांना विचारूनच. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून देतात. बोटांना मुंग्या येतात, लघवीला जास्त होतं; त्याने घाबरू नका. मात्र सरळ रेषेत चालताना तोल गेला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरा.

जून किंवा सप्टेंबर बरा. स्पीतीत पाऊस नगण्य असतो, पण जुलै-ऑगस्टमध्ये किन्नौरच्या रस्त्यावर दरडी कोसळतात आणि तुम्ही अधेमधे अडकता. शाळेची सुट्टी कधी आहे ते मुख्याध्यापकांना फोन करून विचारा आणि परवानगीचं पत्र हातात घेऊनच निघा. रोख पैसे पुरेसे न्या. काझातल्या एटीएमच्या भरवशावर राहू नका.

घरांत कोरडे संडास असतात. त्यातलं खत शेतात जातं, म्हणून पाणी ओतायचं नाही, वरून माती किंवा राख टाकायची. आपल्याकडची माणसं इथेच चुकतात. कागद न्या, ओले वाइप्स मात्र आत टाकू नका, ते कुजत नाहीत. रात्री मोबाइल आणि पॉवर बँक पांघरुणात घ्या, थंडीत बॅटरी लवकर उतरते. भात-डाळ कुकरशिवाय शिजत नाही. सोबत मेतकूट असलं की भूक मेलेल्या दिवसांत मऊ भात तरी पोटात जातो. चोर्तेन (बौद्ध स्तूप) आणि मणी-भिंती (मंत्र कोरलेल्या दगडांच्या भिंती) उजव्या हाताला ठेवून चालायचं. भेटल्यावर ‘जुले’ म्हणा, निरोप घेतानाही तेच.

आता वर्ग. मुलं घरी भोटी ही तिबेटी वळणाची बोली बोलतात, हिंदी शाळेत येऊन पक्की होते. आपली हिंदीही तपासून घ्या: ‘शिक्षा’ म्हणजे तिथे शिक्षण. दोन-तीन इयत्ता एकाच खोलीत बसलेल्या असू शकतात. चाळीस मिनिटांचा तास असेल तर पहिली दहा मिनिटं सगळ्यांना मिळून तोंडी काम द्या. पुढच्या वीस मिनिटांत एक गट लिहितो, दुसऱ्याला तुम्ही शिकवता. शेवटच्या दहा मिनिटांत मोठी मुलं धाकट्यांच्या वह्या बघतात. आठवडाभर पुरेल असं नवं काही ‘प्रकल्प’ म्हणून सुरू करू नका. गुरुजींचा जो धडा चालू आहे, तोच पुढे न्या.

छापील कागदांचे गठ्ठे घरीच ठेवा. ५ मीटरची टेप, सुतळी आणि ११० अंशांपर्यंतचा प्रयोगशाळेतला थर्मामीटर एवढं बास. चुलीवर पाणी उकळवून तापमान घ्यायला लावा. लांगझात ते साधारण ८६ अंशांवर उकळतं, पुस्तकात १०० लिहिलेलं असतं. हा फरक का, यावर दोन तास सहज जातात, आणि घरी डाळ का शिजत नाही हे मुलांना आधीच ठाऊक असतं. भूगोलासाठी डोंगरातले अ‍ॅमोनाइटचे जीवाश्म (शंखासारख्या सागरी प्राण्यांचे दगड झालेले अवशेष) आहेतच. इथे कधी समुद्र होता, हे त्यांच्यावरून दाखवता येतं. कुणी विकायला आणले तर घेऊ नका.

मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय काढू नयेत. जाण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक इयत्ता कुठल्या पानापर्यंत आली आणि कोण कुठे अडतं, हे वहीत लिहून ती गुरुजींकडे द्या. परतीचं विमान ठरवताना मध्ये दोन दिवस मोकळे ठेवा. दरड पडली की पैसे देऊनही रस्ता लवकर उघडत नाही.