इंग्रजीचा पाया कच्चा की पक्का? घरच्या घरी तपासायची पद्धत

वीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, शेवटी टाळ्यांचा आवाज आणि ‘यू आर अ‍ॅन एक्स्पर्ट’. मोबाईलवरची असली चाचणी दिली म्हणजे इंग्रजी तपासून झालं, असं कृपा करून समजू नका. डोळे मिटून बोट टेकवलं तरी चारातलं एक उत्तर बरोबर येतं, आणि दोन पर्याय उघडच चुकीचे असले की काम आणखी सोपं. त्याहून मोठा घोळ असा की समोर छापलेलं बरोबर रूप ओळखणं वेगळं आणि कोऱ्या कागदावर ते आपल्या हातानं उतरवणं वेगळं.

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांची इंग्रजी पत्रं आणि मेल तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली. पर्यायांच्या परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क घेऊन आलेली पोरं परदेशी गिऱ्हाइकाला चार ओळी लिहायच्या म्हटलं की घामाघूम होतात. मेलला पर्याय नसतात. तेव्हा चाचणीही बिनपर्यायाचीच हवी. नोकरीवाले, स्पर्धा परीक्षावाले, पोरांचा अभ्यास घेणारे आईबाप, सगळ्यांना खालची पद्धत चालते.

१. तयारी

वही, पेन. मोबाईल दुसऱ्या खोलीत. त्याचा कीबोर्ड तुमच्या चुका गुपचूप दुरुस्त करतो.

२. स्पेलिंग

‘कठीण शब्दांच्या’ तयार याद्या पाठ करू नका. जो शब्द जन्मात लिहायचा नाही, त्याचं स्पेलिंग येऊन काय करायचं आहे? गेल्या महिन्यातले आपले अर्ज, मेल, मेसेज काढा आणि त्यातून साठेक शब्द निवडा. रिसीव्ह, सेपरेट, डेफिनेटली, मेंटेनन्स, अकोमोडेशन, नेसेसरी, गव्हर्नमेंट, प्रोनन्सिएशन ही मंडळी बहुतेक सगळ्यांच्या यादीत निघतात.

मग घरातल्या कुणालातरी ते शब्द घालायला सांगा. कुणी नसेल तर स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून दोन दिवसांनी ऐका. एक अट मात्र आहे: शब्द सुटा नको, वाक्यात हवा. अमेरिकेत १९२५ पासून जी राष्ट्रीय स्पेलिंग स्पर्धा चालते, तिथल्या मुलांनाही शब्दाचा अर्थ आणि तो असलेलं वाक्य विचारायची मुभा असते. कारण नुसतं ‘प्रिन्सिपल’ ऐकून कळणार कसं, की शेवटी पी-ए-एल लिहायचं की पी-एल-ई? कॉलेजचे प्राचार्य पी-ए-एल, तत्त्व असेल तर पी-एल-ई. प्राचार्यांना लिहिलेल्या रजेच्या अर्जात पहिल्याच ओळीत तत्त्वाला नमस्कार घातलेला मी कितीदा पाहिला आहे. तसंच स्टेशनरी. दुकानांच्या पाट्या वाचत महाद्वार रोडवरून राजारामपुरीपर्यंत या, कुठंतरी ए-आर-वाय सापडेलच. त्या स्पेलिंगचा अर्थ ‘एका जागी स्थिर उभं’. वह्या-पेनांचं दुकान ई-आर-वाय. ‘एन्व्हलप’चा ई लक्षात ठेवा. लूज आणि लॉस्टवालं लूझ, अ‍ॅडव्हाइस आणि अ‍ॅडव्हाइझ, क्वाएट आणि क्वाइट, देअरची तिन्ही रूपं, इट्सची दोन्ही रूपं, हीही वाक्यातच तपासा.

चुका सापडल्या की त्या शंभर वेळा लिहून काढायची शिक्षा स्वतःला देऊ नका. हात दुखतो, डोकं झोपलेलं असतं. त्याऐवजी शब्दाचे नातेवाईक शोधा. ‘डेट’ म्हणजे कर्ज, त्यातला बी उच्चारात नाही. जुन्या इंग्रजी पंडितांनी लॅटिन मूळ दिसावं म्हणून तो घातला. पण ‘डेबिट’मध्ये तो ठणठणीत ऐकू येतो, आणि डेबिट तर बँकेच्या मेसेजमध्ये रोज दिसतो. ‘साइन’मधला जी ‘सिग्नेचर’मध्ये बोलतो. ‘गव्हर्नमेंट’मधला एन ‘गव्हर्न’मध्ये. असा नातेवाईक मिळाला की शब्द पुन्हा चुकत नाही.

नियम दोनच सांगतो, कारण हे दोन बहुधा अर्धवट शिकवले जातात. पहिला, आय आधी की ई आधी. सी नंतर ई-आय येतो (रिसीव्ह, सीलिंग), एरवी आय-ई (बिलीव्ह, अचीव्ह). पण हे सगळं उच्चार दीर्घ ‘ई’ असेल तरच. ‘नेबर’ आणि ‘वेट’ या नियमात बसतच नाहीत, आणि ‘सीझ’, ‘प्रोटीन’ हे अपवाद. दुसरा, अक्षर दुप्पट कधी करायचं. शब्दाच्या शेवटी एकच स्वर आणि त्यापुढं एकच व्यंजन असेल आणि जोर त्या शेवटावर असेल तर करायचं: ‘अकर्ड’ (म्हणजे घडलं) मध्ये शेवटचा आर दोनदा. जोर सुरुवातीला असेल तर नाही: ‘ऑफर्ड’मध्ये तो आर एकदाच. ‘बिगिनिंग’ आणि ‘ओपनिंग’ म्हणून बघा, फरक कानालाच कळेल. ब्रिटिश पद्धतीत ‘ट्रॅव्हलिंग’ला तरीही दोन एल लागतात. ब्रिटिश की अमेरिकन हा वाद घालत बसू नका. एक धरा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा.

३. व्याकरणासाठी उतारा

पद्धत जुनी आहे. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीचे शिक्षक रॉजर अ‍ॅस्कम सोळाव्या शतकात लॅटिन शिकवण्यासाठी हीच वापरायचे. चांगल्या इंग्रजीतला शंभरेक शब्दांचा उतारा घ्या. त्याचं मराठी करा. पुस्तक मिटा. तीन दिवस जाऊ द्या. मग फक्त मराठी समोर ठेवून त्याचं परत इंग्रजी करा. मूळ उतारा हीच तुमची उत्तरपत्रिका.

उतारा बालभारतीच्या आठवी ते दहावीच्या इंग्रजी पुस्तकातून घ्या. ती पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. ‘आम्ही काय शाळकरी पोरं आहोत का’ असं वाटत असेल तर एकदा करून बघाच. वर्तमानपत्र आवडत असेल तर करवीर नगर वाचन मंदिरासारख्या ग्रंथालयात, जे १८५० पासून चालू आहे, बसून बातमीचा मजकूर उतरवून घ्या. मथळा घेऊ नका. इंग्रजी मथळ्यात ‘अ’ आणि ‘द’ गाळतात आणि कालची गोष्ट वर्तमानकाळात लिहितात. मथळे वाचून शिकलेलं इंग्रजी मी लांबून ओळखतो.

४. ताडून बघणं

सगळं इथं अडतं. मी स्वतः याच पायरीवर सगळ्यात जास्त चाचपडलो, आणि याच पायरीबद्दल कुणी धड काही सांगत नाही. ‘मग मूळ उताऱ्याशी तुलना करा’ एवढं म्हणून मोकळे होतात. तुलना करायची कशी? तुमचं इंग्रजी मूळ उताऱ्यासारखं शब्दाला शब्द कधीच येणार नाही. मग काहीजण वेगळं दिसेल ते सगळं लाल करतात, पान रक्तबंबाळ होतं, आणि वही माळ्यावर जाते. काहीजण ‘अर्थ तोच आहे की’ म्हणत सगळंच सोडून देतात. दोघांचीही चाचणी फुकट.

एक वाक्य घेऊ. समजा मूळ असं होतं: ‘द रेन हॅड स्टॉप्ड बिफोर द बस रीच्ड द व्हिलेज.’ तुम्ही लिहिलंत: ‘रेन वॉज स्टॉप्ड बिफोर द बस रीच्ड टू द व्हिलेज.’ इथं तीन चुका आहेत. ठरावीक पावसाबद्दल बोलताय, तर ‘द’ हवा. ‘वॉज स्टॉप्ड’ म्हणजे पाऊस कुणीतरी थांबवला. आणि ‘रीच’ला ‘टू’ लागत नाही. तो ‘गावाला पोहोचली’ मधल्या ‘ला’च्या मागून शिरला. आता समजा तुम्ही लिहिलंत: ‘बाय द टाइम द बस गॉट टू द व्हिलेज, इट वॉज नो लाँगर रेनिंग.’ मूळ वाक्याशी जवळपास काही जुळत नाही आणि चूक एकही नाही. इथं लाल पेन उचलायचंच नाही.

तर प्रत्येक फरकापाशी थांबून एकच प्रश्न विचारा: इथं कुठला नियम मोडला, ते मला एका वाक्यात सांगता येतं का? सांगता आला तर ती चूक. नियम मोडलेला नाही, नुसतं शब्द वेगळे आहेत, अशी खात्री असेल तर तो पर्याय, सोडून द्या. दोन्ही सांगता येत नसेल तर समासात प्रश्नचिन्ह. खरी कमाई या प्रश्नचिन्हांतच असते, तेव्हा ती घाईनं खोडू नका.

प्रश्नचिन्ह सोडवायला शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश उघडा; ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोन्हींचे ऑनलाइन फुकट आहेत. ‘रीच’ काढा आणि अर्थ सोडून खालची उदाहरणं वाचा. पोहोचण्याच्या उदाहरणांत क्रियापदाला चिकटून थेट जागेचं नाव येतं, मध्ये ‘टू’ नाही. ‘डिस्कस’ काढा, पुढं ‘अबाउट’ दिसणार नाही. आपलं आख्खं वाक्य गूगलवर टाकून ‘इतके लोक लिहितात म्हणजे बरोबर असेल’ हा निष्कर्ष काढू नका. तीच चूक करणारे हजारो असतात. आणि या पायरीवर वाक्य दुरुस्त करणाऱ्या एआयच्या हातात वही देऊ नका. तो चुकीबरोबर तुमची बरोबर वाक्यंही घासूनपुसून बदलून देतो. मग यातलं चुकलेलं कुठलं आणि नुसतं न आवडलेलं कुठलं, हे कळायला मार्ग नाही.

ताडताना आपल्या मराठीतून येणाऱ्या चुकांवर खास नजर ठेवा, कारण त्या आपल्याला चुका वाटतच नाहीत. ‘आम्ही काल माल पाठवला आहे’ हे अस्सल मराठी. त्याचं ‘वी हॅव डिस्पॅच्ड द मटेरियल यस्टरडे’ झालं की गेलं: इंग्रजीत ‘काल’ आला की ‘हॅव’ चालत नाही, नुसतं ‘डिस्पॅच्ड’. एमआयडीसीच्या मेलमध्ये मला सगळ्यात जास्त वेळा भेटलेली चूक हीच. ‘मी इथं पाच वर्षं काम करतोय’ चं ‘आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ होतं. हवं ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स’. ‘तो कुठं आहे मला माहीत नाही’ चं ‘आय डोन्ट नो व्हेअर इज ही’ होतं. वाक्याच्या पोटातल्या प्रश्नात ‘ही’ आधी, ‘इज’ नंतर. मशिनरीज, इक्विपमेंट्स, इन्फॉर्मेशन्स, फर्निचर्स यांचे एस काढून टाका.

हो-नाहीचा गोंधळ तर पैशात पडतो. ‘माल निघाला नाही का?’ याला आपण सरळ ‘हो, नाही निघाला’ म्हणतो. गिऱ्हाइकानं इंग्रजीत तसंच नकारार्थी विचारलं आणि तुम्ही नुसतं ‘येस’ लिहून पाठवलंत, की तो माल निघाला असं समजून पुढच्या तयारीला लागतो. तिथं ‘नो, इट हॅजन्ट’.

राहिला ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’. मराठीत ही भानगड नसल्यानं अर्ध्याहून जास्त लाल खुणा इथंच पडल्या तरी दचकू नका. ‘अ’ की ‘अ‍ॅन’ हे अक्षर बघून नाही, आवाज ऐकून ठरवायचं. म्हणून अ‍ॅन एसटी बस, अ‍ॅन एमआयडीसी प्लॉट, अ‍ॅन अवर. पण अ युनिव्हर्सिटी. ‘द’साठी आपल्या गावाच्या नकाशावर सराव करा. नदीला लागतो: द पंचगंगा. तळ्याच्या नावाला नाही: रंकाळा लेक. डोंगररांगेला लागतो, एकट्या शिखराला नाही. शिवाजी युनिव्हर्सिटीला लागत नाही, पण द युनिव्हर्सिटी ऑफ मुंबईला लागतो, कारण तिथं ‘ऑफ’ आहे.

५. हिशोब

मार्क काढू नका. वहीच्या शेवटच्या पानावर चार रकाने आखा: स्पेलिंग, काळ, ‘अ-अ‍ॅन-द’, शब्दयोगी. प्रत्येक चुकीची एक रेघ. जो रकाना भरला, तेवढाच पुढचा महिना घोटायचा. बाकी व्याकरणाचं जाडजूड पुस्तक पहिल्या पानापासून सुरू करायची काही गरज नाही. नामाचे प्रकार संपेपर्यंत उत्साहही संपतो.

६. पुन्हा

महिन्यानं नवा उतारा, नवे शब्द. जुनाच उतारा घेतलात तर पाठांतर तपासाल, इंग्रजी नाही. रकाने तेच ठेवा आणि दोन्ही पानं शेजारी उघडून बघा. तीन महिन्यांनीही एकच रकाना भरत राहिला तर त्या रकान्यापुरता शिक्षक गाठा. जाताना वही बरोबर न्या; ‘माझं इंग्रजी कच्चं आहे’ म्हणाल तर ते सहा महिन्यांचा कोर्स सांगतील, वही दाखवलीत तर बहुतेक चार तासांत भागेल.