आधी ताडपत्री, मग विळा

ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा सोयाबीन काढणीचा, आणि परतीच्या पावसाचाही. दोघांची गाठ पडते ती गंजीवर, म्हणजे कापलेल्या पिकाच्या ढिगावर. कुणी तिला सुडी म्हणतं, कुणी बनीम. नाव काहीही असो, मी दरवर्षी एकच प्रकार बघतो: कापणी झाली, गंजी लागली, आणि ताडपत्री मात्र घरी, खताच्या रिकाम्या पोत्यांखाली. दुपारी चारला आभाळ काळं झालं की मग सगळं घर रानाकडे पळतं.

या पळापळीत माल तर भिजतोच, वर माणसंही नेमकी विजेच्या वेळेला उघड्या रानात सापडतात.

आमच्या शिवारात दोघे भाऊ असेच पळाले होते. ताडपत्री उलगडली तर तिला उंदरांनी मुठीएवढी भोकं पाडलेली. वाऱ्याने ती फुगली, धाकट्याने टोक सोडलं आणि कडुलिंबाखाली धावला. वीज त्याच लिंबावर पडली. पोरगा वाचला, पण उजव्या कानाने अजून ऐकू येत नाही. गंजी तशीच उघडी राहिली. आठवड्याने उपसली तेव्हा आतून वाफा निघत होत्या, वास आंबट, आणि शेंगांची टोकं फोडून पांढरे मोड बाहेर आलेले. वरच्या थराला हात लावला तर कोरडा! वरून बघून गंजी चांगली आहे म्हणणाऱ्यांनी कोपरापर्यंत हात आत घालून बघावा. हाताला ऊब लागली तर ऊन पडेल त्या दिवशी गंजी मोडून माल पसरा.

म्हणून कापणीला माणसं सांगण्याआधी ताडपत्री उन्हात उलगडा. भोकं असतील तर चिकटवा. गंजी झाकून चारही बाजूंनी दोन-दोन हात जमिनीवर उरेल एवढी ती मोठी हवी. कडा दगडांनी आणि मातीच्या पोत्यांनी दाबा, नुसती दोरी वाऱ्यात टिकत नाही. जागा उंचवट्याची घ्या, भोवती वीतभर खोल चर काढा, तळाला तुराट्या किंवा पळाट्यांचा, म्हणजे तुरीच्या किंवा कपाशीच्या वाळक्या काड्यांचा थर द्या. झाडाखाली आणि विजेच्या तारांखाली गंजी लावू नका. आणि कापलेलं त्याच दिवशी गोळा होईल तेवढंच कापा. दहा एकर आडवं पाडून मजूर दुसऱ्या गावाला गेले, हे दुखणं तर ठरलेलं.

माझा एक अंदाज आहे, कुठल्या पुस्तकात नसेल. सकाळपासून अंग चिकचिकत असेल आणि दुपारी एकच्या सुमारास वारा एकदम पडला, तर पाचच्या आत गडगडाट होतो. अशा दिवशी मी जेवणाच्या सुट्टीतच गंजी झाकून घेतो. हवामान खात्याचा तीन तासांचा तातडीचा इशाराही बघत चला. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी ॲप जवळपास वीज पडत असेल तर सांगतं.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजा. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. गंजी सोडा, पक्क्या घरात जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. जवळ घर नसेल तर झाडापासून, तारेच्या कुंपणापासून, पाण्यापासून लांब, पाय जुळवून उकिडवे बसा. आडवे पडू नका. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही, त्याला हात लावायला घाबरू नका. श्वास थांबला असेल तर छाती दाबायला लगेच सुरुवात करा आणि दुसऱ्याला 108 लावायला सांगा.

आता दुकानदाराबद्दल. या दिवसांत दोन बाटल्या खपवल्या जातात: दाणे भरायचं टॉनिक आणि शेंगा लवकर वाळवायचं तणनाशक. पिवळ्या पडलेल्या पिकाला टॉनिक देऊन दाणा भरत नाही. वाळवायला पॅराक्वाट देत असतील तर बाटली तिथेच ठेवून या. ते पोटात गेलं तर त्याला उतारा नाही. तेवढ्या पैशात ताडपत्री घ्या.

काढणी आणि मळणी, थोडक्यात:
- 95 टक्के शेंगा तपकिरी झाल्या की कापणी.
- दातात दाणा कट्ट वाजला तर मळणीला तयार, चिकटला तर अजून ऊन द्या.
- बियाण्यासाठी मळणी यंत्राचा वेग मिनिटाला 400 ते 500 फेऱ्यांच्या वर नको.
- पोत्यात भरताना ओलावा 12 टक्क्यांच्या आत.
- यंत्राजवळ पदर, ओढणी, सैल बाही नको. अडकलेला पाला यंत्र बंद करूनच काढा.
- पोती भिंतीपासून लांब, लाकडी फळ्यांवर.

गंजी उपसताना आधी काठीने हलवा. खाली उंदीर, उंदरामागे घोणस. साप चावला तर कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. माणसाला न चालवता सरकारी दवाखान्यात न्या. मांत्रिकाकडे गेलेला एक तास परत मिळत नाही.

विम्यावर भिस्त ठेवून गंजी उघडी टाकणारेही आहेत. 2025 च्या खरिपापासून राज्यात भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघालेल्या महसूल मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर ठरते. पूर्वी कापून ठेवलेला माल भिजला की 72 तासांत कळवायचो, ते आता उरलं नाही. तुमची एकट्याची गंजी सडली तर त्या सरासरीला काही फरक पडत नाही. वीज पडून माणूस गेला तर वारसांना सरकारी मदत 4 लाखांची आहे. त्यासाठी पंचनामा आणि शवविच्छेदन लागतं, हे घरात माहीत असू द्या.

112, 108 आणि जिल्हा आपत्ती कक्षाचा 1077, हे तीन आकडे मळणी यंत्राच्या पत्र्यावर रंगाने लिहून टाका. मोबाइल नेमका ताडपत्रीखाली राहिलेला असतो. गावात एकाने दामिनी बघायचं आणि देवळाच्या भोंग्यावरून ओरडायचं, एवढं सरपंचांकडून ठरवून घ्या. आमच्याकडे हे काम किराणा दुकानातला पोरगा करतो. त्याचा आवाज आला की आम्ही हातातला विळा खाली ठेवतो. गंजी आधीच झाकलेली असते.