जपानमध्ये घर फारच स्वस्त मिळतंय? आधी हे विचारा

टोकियोत निशी-कसाईच्या आसपास घर शोधताना कधीतरी एखादी खोली बाकीच्यांपेक्षा बरीच स्वस्त दिसते, स्टेशन पण जवळ, मग लगेच फोन लावावासा वाटतो. जरा थांबा आणि जाहिरातीत खाली बारीक अक्षरात 'कोकुची जिको आरी' लिहिलंय का बघा. असेल तर घराबद्दल काहीतरी सांगणं भाग आहे, आणि बहुतेक वेळा ते म्हणजे तिथे झालेला मृत्यू. अशा घराला तिकडे 'जिको बुक्केन' म्हणतात.

पण लिहिलेलं नाही म्हणजे काही घडलंच नाही असं धरून चालू नका. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये सरकारने गाइडलाइन काढली, त्यात म्हातारपणाने, आजाराने किंवा घरातच पडून वगैरे कोणी गेलं तर ते सांगायची गरज नाही. आत्महत्या, खून, किंवा मृतदेह उशिरा सापडून स्पेशल साफसफाई करावी लागली असेल तर भाड्याच्या घरात साधारण 3 वर्षं सांगायचं, नंतर आपणहून सांगितलं नाही तरी चालतं. विकत घेताना मात्र अशी मुदत नाही. (एकटे म्हातारे घरात वारले तर नंतर भाडेकरू मिळणार नाही म्हणून मालक त्यांना घरच देत नव्हते, त्यामुळे हे ठरवून टाकलं ते बरंच झालं असं मला वाटतं.)

आता मुद्द्याचं, तुम्ही स्वतः विचारलंत तर 3 वर्षं होऊन गेली असली तरी एजंटला जे माहीत आहे ते सांगावं लागतं, म्हणून सही करायच्या आधी सरळ विचारा, "कोनो हेया दे नाकुनात्ता काता वा इमासु का?" म्हणजे या खोलीत कोणी वारलंय का. वाईट दिसेल म्हणून लाजू नका. 'ओशिमा तेरु' नावाची साइट पण आहे, 2005 पासूनची, नकाशावर अशा घरांवर ज्वाळेची खूण असते, पण तिथे कोणीही माहिती टाकू शकतं त्यामुळे तिच्या एकटीच्या भरवशावर ठरवू नका.

भुताखेताचं मनात येत असेल तर मालकाने शिंतो पुजाऱ्याकडून 'ओहाराई' म्हणजे शुद्धीचा विधी करून घेतलाय का तेही विचारा, बरेच जण करतात. काहींच्या दाराशी बशीत मिठाचा छोटा ढीग दिसेल, आपण दृष्ट काढताना मीठ-मोहरी घेतो ना, मिठावर तिकडेही तसाच विश्वास.

आणि तुम्हाला काहीच वाटत नसेल तर मग 'यूआर' या घरं भाड्याने देणाऱ्या सरकारी संस्थेची घरं बघाच. आधीचा भाडेकरू आत वारलेली घरं ते 'तोकुबेत्सु बोशू' म्हणून वेगळी देतात, 1 किंवा 2 वर्षं अर्धं भाडं, म्हणजे 1 लाख येनचं घर 50 हजारात. मुदत संपली की पूर्ण भाडं सुरू, तेव्हा बजेट पूर्ण भाडं धरूनच करा. जो आधी येईल त्याला मिळतं, आणि चांगल्या जागची पटकन जातात.