कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट हातात आल्यावर: फॅमिली मेडिसिनच्या नव्या डॉक्टरांसाठी

यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी आमची ओपीडी चालते आणि फॅमिली मेडिसिनचे रेसिडेंट इथे शिकायला येतात. लिपिड प्रोफाइल समोर आलं की त्यांची नजर लॅबनं ठळक छापलेल्या आकड्यावर जाते. मी तो कागद आधी उलटा ठेवायला लावते.

अगोदर विचारा: हार्ट अटॅक किंवा लकवा येऊन गेला का? शुगर, बीपी? वडिलांना, भावाला पन्नाशीच्या आतबाहेर छातीचा त्रास? बिडी? खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण)? खर्र्याचं नाव घेऊनच विचारा, कारण ‘तंबाखू खाता का’ म्हटलं की ‘नाही जी’ सांगणाऱ्याच्याच खिशात खर्र्याची पन्नी असते.

निम्मा निर्णय इथेच होतो. अटॅक किंवा रक्तवाहिनी बंद होऊन लकवा आलेला असेल तर एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) कितीही असो, जास्त मात्रेचं स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी): अटोर्वास्टॅटिन ४० ते ८० मिग्रॅ किंवा रोसुवास्टॅटिन २० मिग्रॅ. चाळिशी ओलांडलेल्या डायबेटिसच्या पेशंटला निदान अटोर्वास्टॅटिन १० ते २०. बाकीच्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा दक्षिण आशियाचा रिस्क चार्ट (पुढच्या दहा वर्षांतला अटॅक-लकव्याचा धोका दाखवणारा) भिंतीवर लावून ठेवा. रक्ततपासणी झाली नसेल तर बीएमआयवर चालणारा चार्टही आहे. त्यात फक्त धूम्रपान धरतात, खर्रा नाही. तो तुम्ही मनाने धरा.

आता कागद सुलटा करा. टोटल कोलेस्टेरॉल २४८, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) २६० असेल तर टोटलमधून एचडीएल वजा करा: नॉन-एचडीएल २१०. त्यातून ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग, म्हणजे ५२, वजा केला की एलडीएल १५८. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हे सूत्र चालत नाही, तिथे नॉन-एचडीएलवरच भरवसा ठेवा. त्यासाठी पेशंटला उपाशीही राहावं लागत नाही. वीस किलोमीटरवरून एसटीनं आलेल्या माणसाला ‘उद्या उपाशी या’ सांगितलं, तर तो येत नाही.

गोळी लिहिण्याआधी टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि लघवीतलं प्रोटीन बघा. थायरॉइड मंद असेल किंवा लघवीतून प्रोटीन जात असेल तर कोलेस्टेरॉल त्यानेही वाढतं. दारू आणि सांधेदुखीसाठी परस्पर घेतलेलं स्टेरॉइड, दोन्ही विचारा. सिकलसेल आपल्या भागात आहे. त्या पेशंटचं कोलेस्टेरॉल बहुधा कमीच दिसतं, आणि शुगरसाठी त्यांच्या एचबीए१सीवर (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) विसंबू नका.

खाण्याचं बोलताना ‘तेलकट बंद करा’ हे वाक्य टाकून द्या. ‘मी त तेल खातच नाई जी,’ असंच उत्तर येणार. स्वयंपाक करणारीला विचारा, महिन्याचं तेल किती येतं आणि पानावर माणसं किती. माणशी पाऊण किलोच्या वर जात असेल तर बोलायला जागा आहे. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, आंबाडीची भाजी, जवसाची चटणी हे चांगलंच आहे, त्याला हात लावू नका. कमी करायची ती रश्श्यावरची तर्री, चौकातला आलूबोंडा, डालडा आणि चहासोबतची खारी.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो गोळी चालू राहण्याला. तीन महिन्यांनी रिपोर्ट सुधारतो आणि पेशंट म्हणतो, ‘नार्मल आला न म्याडम, मंग गोळी कायले?’ तेव्हा दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून दाखवा: हा फरक गोळीचा आहे, बंद केली की काही आठवड्यांत आकडा जुन्या जागी जाईल. अटोर्वास्टॅटिन आणि रोसुवास्टॅटिन दिवसात कधीही चालतात, म्हणून सकाळच्या चहाला जोडून द्या. पेरणीच्या दिवसांत हातात पैसा नसतो. जेनेरिक लिहा आणि खर्च परवडतो का ते स्वतःहून विचारा.

अंगदुखीची तक्रार कापूस वेचणीत हमखास येते. वेचणीनं कंबर आणि बोटं धरतात. स्टॅटिनचं दुखणं सहसा दोन्ही मांड्यांत किंवा दोन्ही खांद्यांत सारखं असतं आणि गोळी सुरू केल्यावर काही आठवड्यांत उमटतं. शंका आली तर सीपीके (स्नायूंना इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी) करा. लघवी काळ्या चहासारखी झाली तर गोळी थांबवून त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात पाठवा. एसजीपीटी (लिव्हरची तपासणी) सुरुवातीला एकदा करून ठेवा. नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीच्या आत वाढलं तर घाबरून औषध तोडू नका. क्लॅरिथ्रोमायसिन लिहाल तेव्हा अटोर्वास्टॅटिन तेवढे दिवस थांबवा. मूल होण्याच्या वयातल्या बाईला गरोदरपणाचं विचारल्याशिवाय स्टॅटिन देऊ नका.

पुन्हा तपासणी सहा ते बारा आठवड्यांनी. अटॅक येऊन गेलेल्याचं एलडीएल ५५ च्या खाली न्यायचं असतं. मात्रा दुप्पट केली तरी ते आणखी जेमतेम ६ टक्के उतरतं, त्यामुळे अडलंच तर इझेटिमाइब १० मिग्रॅ जोडा. ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर असेल तर स्वादुपिंडाला धोका: दारू बंद, शुगर ताब्यात, मग फेनोफायब्रेट.

एलडीएल १९० किंवा वर असेल तर चार्ट बघत बसू नका, जास्त मात्रेचं स्टॅटिन लिहा आणि टाचेमागची शीर (कंडरा, रक्तवाहिनी नव्हे) चाचपून पाहा. ती जाड, गाठाळ लागली तर दोष घराण्यातला असू शकतो. अशा पेशंटला सेवाग्राम किंवा नागपूरच्या मेडिकल कॉलेजला पाठवा, आणि त्याच्या भावंडांची नि मुलांचीही तपासणी लिहून द्या, मुलं शाळकरी असली तरी.