ग्लूटेन नाही, अंडं-दूधही नाही: तरी न तुटणारा ब्रेड आणि न बसणारा केक

गव्हाच्या पिठात पाणी घालून मळलं की ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिनं एकमेकांत गुंततात आणि ताणली जाणारी जाळी तयार होते. तेच ग्लूटेन. यीस्ट किंवा बेकिंग पावडरमधून सुटणारा वायू ही जाळी धरून ठेवते. केकमध्ये अंडं घातलं तर त्यातली प्रथिनं भाजताना घट्ट होऊन फुगलेला आकार टिकवतात. ग्लूटेन-फ्री आणि व्हेगन (प्राण्यांपासून मिळणारं काहीच नाही) असं दोन्ही करायचं म्हटलं की हे दोन्ही आधार एकदम जातात. म्हणून गव्हाच्या पाककृतीत नुसतं पीठ बदलून आणि अंडं गाळून भागत नाही. उरतं ते मुख्यतः पिष्ट, म्हणजे स्टार्च. पिष्टाला भरपूर पाणी लागतं आणि ते शोषायला वेळ लागतो. फसलेल्या बहुतेक ब्रेड-केकचं मूळ या दोहोंपैकी एकात सापडतं.

पीठ: एकच एक नको

नुसतं तांदळाचं पीठ वापरलं तर पदार्थ खरखरीत होतो आणि त्याचा भुगा पडतो. नुसतं टॅपिओका स्टार्च (ज्या कंदापासून साबुदाणा होतो त्याचं) वापरलं तर रबरासारखा चिवट होतो. धान्याचं पीठ आणि शुद्ध स्टार्च यांचं मिश्रण हवं. रोजच्या कामाला वजनाने साधारण दोन भाग धान्याचं पीठ (ज्वारी, तांदूळ, कुट्टू म्हणजे बकव्हीट, नाचणी) आणि एक भाग स्टार्च (टॅपिओका, बटाटा किंवा मका) हे प्रमाण चांगलं जमतं. ज्वारी सौम्य असते. कुट्टूची चव ठसठशीत, पण ब्रेडला सगळ्यात चांगला पोत तोच देतो. नावावरून किंवा दिसण्यावरून गव्हाशी नातं वाटलं तरी कुट्टूचा गव्हाशी काही संबंध नाही. बेसन १० ते १५ टक्क्यांपर्यंतच ठेवा. त्याने पदार्थ बांधला जातो आणि रंग छान येतो, पण जास्त झालं की कच्चट वास राहतो.

तांदळाचं पीठ वस्त्रगाळ असावं. दोन बोटांत चोळल्यावर कण लागले तर केक खातानाही लागणारच.

वजनकाटा इथे चैनीची वस्तू नाही. एक कप तांदळाचं पीठ १५० ग्रॅमच्या आसपास भरतं, तर एक कप टॅपिओका स्टार्च १२० ग्रॅमच्या आसपास. कपाने मोजून पिठांची अदलाबदल केली की पाण्याचं गणित तिथेच कोलमडतं. खालच्या कृतींमध्ये पीठ बदलायचंच असेल तर वजनाला वजन असं बदला.

इसबगोल

ब्रेडमध्ये ग्लूटेनच्या जागी येतं ते इसबगोल. पाण्यात भिजल्यावर त्याचा घट्ट, लवचिक जेल होतो. त्यामुळे गोळा हाताने मळता येतो, त्याला आकार देता येतो आणि तो वायू धरतो. झॅन्थन गम या दाटपणा आणणाऱ्या पुडीने केकसारखं पातळ मिश्रण सांभाळलं जातं, पण गोळ्याला मळण्याजोगा ताण इसबगोलच देतो. साधं, बिनचवीचं इसबगोल घ्या. पोट साफ होण्यासाठी विकल्या जाणाऱ्या डब्यांमध्ये पुष्कळदा साखर, स्वाद आणि रंग असतात.

अख्खा भुसा आणि त्याची पूड यांतला फरक नीट लक्षात ठेवा. पूड जास्त दाबून बसते आणि लवकर घट्ट होते. कृतीत २० ग्रॅम भुसा लिहिला असेल तर पूड साधारण १७ ग्रॅम घ्या. काही पुडींमुळे भाजलेल्या ब्रेडला जांभळट छटा येते. चव बिघडत नाही, पुढच्या वेळी दुसरी पूड घ्या.

एक ब्रेड, पूर्ण कृती

साधारण २० × १० सेंमीच्या ब्रेडच्या भांड्यासाठी: ज्वारीचं किंवा कुट्टूचं पीठ १५० ग्रॅम, तांदळाचं पीठ ८० ग्रॅम, टॅपिओका किंवा बटाट्याचं स्टार्च ११० ग्रॅम, इसबगोलाचा भुसा २० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम, साखर १५ ग्रॅम, मीठ ७ ग्रॅम, तेल १५ ग्रॅम, व्हिनेगर १० ग्रॅम, कोमट पाणी ३८० ग्रॅम.

२५० ग्रॅम पाण्यात इसबगोल टाकून लगेच फेटा, नाहीतर गुठळ्या होतात आणि त्या नंतर मोडत नाहीत. पाचेक मिनिटांत घट्ट जेल होतो. उरलेल्या १३० ग्रॅम पाण्यात साखर आणि यीस्ट विरघळवा. पाणी हाताला जेमतेम कोमट लागावं, ४० अंश सेल्सियसच्या वर नको. परातीत पिठं आणि मीठ एकत्र करा, त्यात जेल, यीस्टचं पाणी, तेल आणि व्हिनेगर घाला आणि पाच ते सात मिनिटं दाबून-रगडून मळा. इथे ग्लूटेन तयार करायचं नाही. जेल प्रत्येक कणापर्यंत पोचवायचा आहे. गोळा मऊ आणि किंचित चिकट राहील. तो हाताला चिकटतो म्हणून वरून पीठ घालायचा मोह टाळा, ब्रेड विटेसारखा होण्याचं ते सर्वांत सोपं कारण आहे. हाताला तेल लावा.

तेल लावलेल्या भांड्यात घालून वरचा भाग ओल्या हाताने गुळगुळीत करा. झाकून उबदार जागी ४५ ते ६० मिनिटं ठेवा. फुगवायचं एकदाच. दुसऱ्यांदा फुगवण्याने गव्हाच्या ब्रेडला चव आणि ताण मिळतो, इथे मात्र पकडलेला वायू हातचा जातो. गोळा दीडपटीच्या थोडा पुढे गेला की ओव्हनमध्ये जायला तयार. दुप्पट होईपर्यंत थांबलात तर ओव्हनमध्ये तो खाली बसतो, कारण तेवढा ताण धरायची ताकद जेलमध्ये नसते. पृष्ठभागावर बारीक भोकं पडू लागली की उशीर होतोय असं समजा.

ओव्हन २२० अंशांवर पूर्ण तापलेला असावा. खालच्या कप्प्यात एका ट्रेमध्ये उकळतं पाणी ओता. वाफेमुळे वरची साल लगेच कडक होत नाही आणि ब्रेडला वर यायला वाव मिळतो. २० मिनिटांनी पाण्याचा ट्रे काढा, तापमान २०० अंशांवर आणा आणि आणखी ३५ ते ४० मिनिटं भाजा. बाहेरचा रंग बघून फसू नका. थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९७-९८ अंश दिसायला हवेत. नसेल तर ब्रेड भांड्यातून काढून शेवटची दहा मिनिटं थेट जाळीवर भाजा.

आता सगळ्यांत अवघड टप्पा: किमान तीन तास कापायचा नाही. ओव्हनमधून निघताना आतलं पिष्ट पाणी पिऊन फुगलेलं आणि मऊ असतं, थंड होतानाच ते घट्ट बसतं. गरम कापलेला ब्रेड गिच्च लागतो आणि खाणाऱ्याला वाटतं कच्चा राहिला. पूर्ण थंड झाल्यावरही मध्ये चिकट पट्टा दिसला तर मात्र भाजणं खरंच कमी पडलंय किंवा पाणी जास्त झालंय. पुढच्या वेळी आधी दहा मिनिटं वाढवून बघा, मगच २० ग्रॅम पाणी कमी करा. दोन्ही बदल एकदम केले तर चूक कशात होती ते कधीच कळत नाही.

केक: आधी भिजवा, मग फुगवा

१८ सेंमीच्या गोल भांड्यासाठी: तांदळाचं पीठ ९० ग्रॅम, ज्वारीचं पीठ ६० ग्रॅम, टॅपिओका स्टार्च ५० ग्रॅम, बारीक दळलेली जवस १० ग्रॅम, साखर १४० ग्रॅम, चिमूटभर मीठ, तेल ८० मिली, सोया दूध २४० मिली, आवडीचा स्वाद. वेगळं ठेवायचं: बेकिंग पावडर २ टीस्पून, खायचा सोडा पाव टीस्पून, व्हिनेगर १ टेबलस्पून.

बेकिंग पावडर, सोडा आणि व्हिनेगर सोडून सगळं एकत्र फेटा आणि ३० मिनिटं झाकून ठेवा. ही अर्ध्या तासाची विश्रांती वगळली तर केक खरखरीत होतो, वर कोरडा आणि तळाशी दडस. मिश्रण या वेळात दाट होतं. पळीवरून सरसरीत पडायला हवं, थबकत असेल तर दोन टेबलस्पून दूध घाला. ओव्हन १७५ अंशांवर तापला आणि भांड्याला कागद लावून झाला, की मगच पावडर आणि सोडा चाळून घाला, शेवटी व्हिनेगर, वीस-पंचवीस वेळा ढवळा आणि लगेच आत ढकला. सुरुवातीलाच सोडा-व्हिनेगर घातलं तर बराचसा वायू विश्रांतीतच उडून जातो.

सोड्याचं प्रमाण कमी वाटेल, पण ते मोजून दिलंय. ५ टक्क्यांच्या व्हिनेगरचा एक टेबलस्पून जेमतेम १ ग्रॅम सोड्याला पुरतो. जास्तीचा सोडा साबणासारखी चव आणि पिवळट डाग ठेवतो.

३५ ते ४० मिनिटं लागतात. पहिली २५ मिनिटं दार उघडू नका. मधोमध खड्डा पडला तर बहुधा भाजणं कमी झालं किंवा पावडर जास्त झाली. भांड्यात १५ मिनिटं राहू द्या, मग जाळीवर काढा. गरम असताना उलटला तर हमखास तुटतो.

अंड्याच्या जागी काय

अंडं त्या पदार्थात काय काम करतंय ते आधी ठरवा. बांधायचं असेल (कुकी, कटलेट) तर एका अंड्याला १ टेबलस्पून दळलेली जवस आणि ३ टेबलस्पून पाणी, दहा मिनिटं भिजवून. फुगवायचं असेल तर जवस काही करत नाही, तिथे सोडा आणि आम्लच लागतं. फेस हवा असेल तर काबुली चणे शिजवलेलं पाणी. फ्रान्समधल्या जोएल रोसेल यांनी २०१४मध्ये याचा फेस येतो हे दाखवलं आणि पुढच्या वर्षी त्याला ‘अक्वाफाबा’ हे नाव मिळालं. चणे रात्रभर त्याच पाण्यात थंड होऊ द्या, गाळा, आणि पाणी कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं दाट होईपर्यंत आटवा. ३ टेबलस्पून म्हणजे एक अंडं. भांड्याला तेलाचा अंश असेल तर फेस धरत नाही.

पोळीसारखं लाटायचं असेल तर

उकड काढा. २४० मिली उकळत्या पाण्यात मीठ आणि १ टीस्पून इसबगोल घालून ढवळा, लगेच २०० ग्रॅम पीठ घाला, झाकून दहा मिनिटांनी ओल्या हाताने मळा. उकळत्या पाण्याने पिष्टाचा काही भाग आधीच शिजतो आणि कडा फाटत नाहीत. फाटल्याच तर एकेक चमचा पाणी वाढवा.

सॉस आणि रस्सा दाट करताना

२५० मिली द्रवाला १ टेबलस्पून कॉर्नफ्लॉर पुरतं. आधी थंड पाण्यात कालवा. दाट झाल्यावर खळाखळा उकळत ठेवलं किंवा लिंबू आधीच पिळलं की सॉस पुन्हा पातळ होतो, म्हणून आंबट शेवटी, गॅस बंद करून. फ्रीझरमध्ये ठेवायचा सॉस टॅपिओकाने दाट करा, कॉर्नफ्लॉरचा वितळताना पाणी सोडतो.

लपलेलं ग्लूटेन, लपलेलं दूध

रवा, मैदा, स्पेल्ट, सेतान हे सगळे गहूच. बार्ली आणि राय यांतही ग्लूटेन असतं, त्यामुळे माल्ट (मोड आणलेली बार्ली) आणि माल्ट व्हिनेगरही वर्ज्य. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो आणि डबीतल्या मिश्र हिंगात पुष्कळदा कणीक. ओट्समध्ये मुळात गव्हाचं ग्लूटेन नसतं, पण शेतात आणि गिरणीत गहू मिसळतो, म्हणून प्रमाणितच घ्या. सीलिअॅकच्या (ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) काही रुग्णांना तेही सोसत नाहीत. व्हेगनसाठी वेष्टनावर केसिन आणि व्हे (दोन्ही दुधातले घटक), मध आणि जिलेटिन शोधा. ‘ग्लूटेन-फ्री’ म्हणजे ‘व्हेगन’ नव्हे, तयार मिश्रणांत दूध पावडर सर्रास असते.

सीलिअॅक असलेल्या व्यक्तीसाठी रांधताना हा भाग पाककृतीपेक्षा महत्त्वाचा आहे. ‘कोडेक्स’ या आंतरराष्ट्रीय खाद्य मानकानुसार ग्लूटेन-फ्री पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. गव्हाच्या पाठोपाठ त्याच चक्कीत दळलेली ज्वारी ही मर्यादा सहज ओलांडू शकते. चाळणी, लाकडी पोळपाट-लाटणं आणि टोस्टर वेगळे ठेवा. त्यांच्या फटींतलं पीठ धुऊन जात नाही.

ठेवण

हा ब्रेड फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडाव्यात पिष्ट लवकर कडक होतं. दोन दिवसांपुरता बाहेर झाकून ठेवा. बाकीचा थंड झाल्याबरोबर कापा, कापांमध्ये कागद घालून फ्रीझ करा, आणि लागेल तेव्हा एकेक काप न वितळवता थेट तव्यावर किंवा टोस्टरमध्ये भाजा.