लुथरन पाळकांना बोलावताना: उपाधी, दीक्षा आणि आजाऱ्याची आध्यात्मिक सेवा

मराठवाड्यात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, कॅथलिक आणि मेथडिस्ट मंडळ्यांचा परिचय अनेकांना असतो. लुथरन विश्वासी, म्हणजे सोळाव्या शतकातील धर्मसुधारक मार्टिन लुथर यांच्या परंपरेतील ख्रिस्ती, मात्र पुष्कळदा नोकरीसाठी किंवा उपचारांसाठी बाहेरून आलेले भेटतात. असा कोणी छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात दाखल असेल आणि त्याच्यासाठी पाळक बोलवायचे असतील, तर उपाधीची चौकशी करण्याआधी त्याला नेमके काय हवे आहे, हे त्यालाच विचारावे.

प्रार्थना, शास्त्रवाचन आणि धीर हवा असेल, तर दीक्षित, म्हणजे मंडळीने रीतसर सेवेस नेमलेल्या, पाळकांसाठी थांबण्याचे कारण नाही. बाप्तिस्मा झालेले सर्वच विश्वासी याजक आहेत, असे मार्टिन लुथर यांनी १५२० मध्ये ठामपणे मांडले होते. मंडळीतील पंच, सुवार्तिक किंवा बायबल वाचणारी शेजारीण यांनी उशाशी बसून केलेली प्रार्थना लुथरन शिकवणीनुसार कमी प्रतीची ठरत नाही. हे नातेवाइकांना आवर्जून सांगावे, कारण पाळक येईपर्यंत आपण काही करू नये, अशा समजुतीने आजारी माणूस विनाकारण एकटा पडतो.

प्रभुभोजन, म्हणजे भाकरी व द्राक्षारसाचा संस्कार, हवा असेल, तर मात्र दीक्षेचा प्रश्न येतो. लुथरन विश्वास मांडणाऱ्या १५३० च्या ऑग्सबर्ग विश्वासकबुलीतील चौदाव्या कलमानुसार, रीतसर पाचारण (मंडळीकडून सेवेसाठी बोलावणे) झाल्याशिवाय कोणीही मंडळीत जाहीरपणे शिकवू नये किंवा संस्कार करू नयेत. डोक्यावर हात ठेवून दिली जाणारी दीक्षा या पाचारणावर शिक्कामोर्तब करते. तिच्यामुळे पाळक इतर विश्वासी जनांपेक्षा अधिक पवित्र होत नाहीत, तर मंडळीच्या वतीने सेवा करण्याची जबाबदारी त्यांच्यावर येते. म्हणून येणाऱ्या व्यक्तीला दीक्षा कोणत्या चर्चने दिली आणि सध्या नेमणूक कोठे आहे, हे नम्रपणे विचारावे. स्वतंत्र मंडळ्यांत दीक्षा न झालेल्यांनाही ‘पास्टर’ म्हणतात. दुसऱ्या चर्चचे पाळक प्रार्थनेसाठी आनंदाने येतील, परंतु प्रभुभोजनापूर्वी आजाऱ्याच्या स्वतःच्या पाळकांशी फोनवर बोलून घ्यावे. भाकरी व द्राक्षारस यांत ख्रिस्ताचे शरीर व रक्त खरोखर उपस्थित असते, अशी लुथरन शिकवण आहे, आणि काही लुथरन चर्च इतरांसोबत प्रभुभोजन घेण्यास परवानगी देत नाहीत.

पापांगीकारासाठीही शक्यतो पाळकच बोलवावेत. अनेक लुथरन चर्चमध्ये पापांगीकारात ऐकलेले कोणालाही न सांगण्याचे वचन पाळक दीक्षेच्या वेळी देतात, म्हणून त्या वेळी खोलीतील सर्वांनी, अगदी जवळच्या नातेवाइकांनीही, बाहेर थांबावे. तरीही प्रसंग आणीबाणीचा असेल, तर सामान्य विश्वासीही क्षमेचे वचन देऊ शकतो. १५३७ च्या एका ग्रंथात लुथर यांचे सहकारी मेलांक्थन यांनी संत ऑगस्टीन यांनी सांगितलेली नावेतील दोघांची गोष्ट दिली आहे: एकाने दुसऱ्याला बाप्तिस्मा दिला आणि नव्याने बाप्तिस्मा झालेल्याने पहिल्याला पापक्षमा सांगितली. अत्यवस्थ बाळाच्या बाबतीतही आई, वडील किंवा ख्रिस्ती परिचारिका पाणी घेऊन पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देऊ शकते. नंतर पाळकांना कळवून मंडळीच्या नोंदवहीत नोंद करावी. तो विधी पुन्हा करत नाहीत.

संबोधनाचे नियम सोपे आहेत. पत्रात किंवा पत्रिकेत दीक्षित पाळकांच्या नावाआधी ‘रेव्हरंड’ लिहावे, डॉक्टरेट असल्यास ‘रेव्हरंड डॉक्टर’. बोलताना ‘पाळकसाहेब’ किंवा ‘पास्टर’ म्हणावे. ‘फादर’ हे संबोधन आपल्याकडे कॅथलिक धर्मगुरूंसाठी रूढ आहे, ते येथे टाळावे. तामिळ इव्हँजेलिकल लुथरन चर्चचे प्रमुख बिशप असतात, तर इंडिया इव्हँजेलिकल लुथरन चर्चचे प्रमुख अध्यक्ष. दोघांचीही मूळ सेवा पाळकाचीच आहे. काही लुथरन चर्च स्त्रियांना दीक्षा देतात आणि काही देत नाहीत. दीक्षा झालेल्या स्त्रीलाही ‘रेव्हरंड’ हीच उपाधी लागते, आणि पाळकांच्या पत्नीला ती आपोआप मिळत नाही.

दीर्घ नैराश्य किंवा व्यसन यांसारख्या बाबतीत समुपदेशनाचे प्रशिक्षण आहे का, हे पाळकांनाही वेगळे विचारावे आणि डॉक्टरांचे उपचार चालूच ठेवावेत.